वाईनच्या प्रदेशाची शास्त्रशुद्ध निवड

रविवार, ३ सप्टेंबर. सकाळी ९.१०

ठरलं. लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला हिला घेऊन वीकएंडला बाहेर जायचं. आणि ऐऱ्यागैऱ्या ठिकाणी नाही, थेट वाईनच्या प्रदेशात. द्राक्षांचे मळे, थंडगार तळघरं, लाकडी पिंपं, संध्याकाळी हातात ग्लास. तारीख १४ आणि १५ ऑक्टोबर, शनिवार-रविवार. मला शनिवार-रविवार सुट्टीच असते, त्यामुळे रजेची भानगड नाही. सहा आठवडे हातात आहेत. डोंगर उचलून आणता येईल.

हिला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती, तिथेच थांबली. खरंच का, असं दोनदा विचारलं. मग म्हणाली की आपण दोघं मिळून कुठे गेलो त्याला अकरा वर्षं झाली. मी म्हटलं, इतकी कशी होतील. तिने बोटांवर मोजून दाखवली. अकराच निघाली. ती दातांच्या डॉक्टरांकडे अपॉइंटमेंटचा फोन सांभाळते, शनिवारीसुद्धा, त्यामुळे तिला रजा महिनाभर आधी सांगावी लागते. उद्याच सांगते म्हणाली. आणि म्हणाली की तिला कुठलंही गाव चालेल, फक्त दोन दिवस फोन वाजायला नको आणि सकाळचा चहा दुसऱ्या कुणीतरी हातात आणून द्यावा.

कुठलंही चालेल! इथेच लोक माती खातात. प्रदेश निवडणं हेच तर खरं काम. ते मी अंगावर घेतलं आहे.

आईला वाईनचं सांगितलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, उगाच धक्का बसेल. ‘शेतीविषयक सहल’ असं सांगितलं. ती बरं म्हणाली आणि विणत राहिली. काही संशय आलेला दिसत नाही.

त्याच दिवशी, दुपारी ४

ही वही सुरू केली. ऑफिसचं जुनं रजिस्टर आहे, अर्धं कोरं. कुणी वाचायचा प्रश्न नाही, त्यामुळे स्पष्ट लिहितो: या कामाला माझ्याइतका लायक माणूस आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत नाही. बावीस वर्षं शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासतोय. लोखंड जरा जास्त असलं तर यंत्राच्या आधी माझी जीभ सांगते. पाण्यातलं ज्याला कळतं त्याला वाईन म्हणजे डाव्या हातचा मळ.

साडूचं मात्र हसू येतं. त्याचं चष्म्याचं दुकान. गेल्या वर्षी एकदा डोंगराकडच्या वाईनच्या गावांना जाऊन आला आणि तेव्हापासून ग्लास दांडीला धरतो. परवा आमच्याकडे साधं सरबतसुद्धा तो गोल फिरवून प्यायला.

बुधवार, ६ सप्टेंबर

चार प्रदेश नक्की केले. नावांमुळे मन आधीच कलतं, म्हणून ऑफिसच्या पद्धतीप्रमाणे अक्षरं दिली. अ डोंगराकडचा. ब समुद्रकाठचा. क पठारावरचा. ड नदीकाठचा. प्रत्येकाला एकेचाळीस कसोट्यांवर गुण द्यायचे. माती, उतार, वारा, उन्हाचे तास, तळघराचं तापमान वगैरे.

हिने तक्ता पाहिला आणि विचारलं, यात झोप कुठे आहे. मी विचारलं, कसली झोप. ती म्हणाली, काही नाही.

संकल्प: रोज सकाळी साडेपाचला उठून एक तास अभ्यास.

गुरुवार, ७ सप्टेंबर

सव्वासातला उठलो. काल बराच विचार केल्यामुळे डोक्याला विश्रांती हवी होती. उद्यापासून.

शनिवार, ९ सप्टेंबर. संध्याकाळी ६

साडू आणि मेहुणी येऊन गेले. मी आपला विषय काढणार नव्हतो, पण हिने आनंदाच्या भरात सांगून टाकलं. साडू खुर्चीत रेलला आणि म्हणाला की डोंगराकडे त्याने सगळं पालथं घातलं आहे, समुद्रकाठही त्याच्या पायाखालचा आहे, हवं तर तो आम्हाला कुठे काय प्यायचं ते लिहून देईल. लिहून देईल! मला!

अ आणि ब बाद. वैयक्तिक कारण नाही. ज्या ठिकाणी साडूसारखे लोक जाऊ लागले तिथला दर्जा घसरलेलाच असणार.

रविवार, १० सप्टेंबर

पठार, म्हणजे क, आघाडीवर. एकेचाळीसपैकी नऊ कसोट्यांची माहिती मिळाली आहे. बाकी बत्तीस अंदाजाने भरल्या.

दुपारी ही म्हणाली की नदीकाठी एक छोटंसं गेस्ट हाउस तिने शोधून ठेवलं आहे, खिडकीतून मळा दिसतो, चहा खोलीत आणून देतात, थेट बस जाते, आणि द्राक्षतोडणीचे दिवस असल्यामुळे खोल्या भराभर जात आहेत, तर घेऊन टाकू का. मी शांतपणे समजावलं. आधी प्रदेश, मग खोली. खोलीवरून प्रदेश ठरवणं म्हणजे बटणावरून शर्ट शिवणं. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि फोन घेऊन गॅलरीत गेली. पटलं असावं.

बुधवार, १३ सप्टेंबर

साडूचा फोन. पठार फार उत्तम, असं त्याच्या दुकानात येणाऱ्या एका वाईनच्या व्यापाऱ्याने त्याला सांगितलं. माझी निवड अगदी योग्य आहे, असंही वर म्हणाला.

क बाद.

गुरुवार, १४ सप्टेंबर

आता राहिला फक्त ड. पण ड तर हिने सुचवलेला, तोही चहावरून. एखादी गोष्ट चुकीच्या कारणासाठी बरोबर असू शकत नाही. चारही प्रदेश पुन्हा शर्यतीत घेतले. कागदी माहितीवर विसंबणं हीच मुळात चूक होती. आपण चाचणी करणारी माणसं. नमुने मागवायचे, तपासायचे, निकाल लावायचा.

बुधवार, २० सप्टेंबर

मोठ्या चौकातल्या वाईनच्या दुकानात शुक्रवारी दुपारी चाखण्याचा क्लास असतो. दोन शुक्रवार, २२ आणि २९. दुकानाच्या मालकीणबाई स्वतः शिकवतात. मी जायचं ठरवलं. शिकायला म्हणून नाही, त्यांची पद्धत कुठे चुकते ते बघायला.

अडचण एकच. शुक्रवारी दुपारी ड्यूटी.

गुरुवार, २१ सप्टेंबर

अडचण सुटली. याला म्हणतात नियोजन.

आमच्याकडे सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या बाई आहेत, सगळे त्यांना दुर्बीणबाई म्हणतात. माझ्या दोन्ही शुक्रवारच्या दुपारी त्या करतील. बदल्यात त्यांच्या वाट्याची एक वीकएंड-ड्यूटी मी करायची. त्यांच्या बहिणीकडे काहीतरी कार्यक्रम आहे, ऑक्टोबरचा दुसरा शनिवार-रविवार. मी त्याच वेळी खडकाळ जमिनीतल्या पाण्याच्या निचऱ्यावर वाचत होतो, त्यामुळे वेळ न घालवता अदलाबदलीच्या फॉर्मवर सही केली. बाईंनी विचारलं, नक्की ना, नंतर बदलता येणार नाही. मी म्हटलं, बाई, मी सही एकदाच करतो.

लोकांना साधी अदलाबदल जमत नाही. मला पाच मिनिटं लागली.

शुक्रवार, २२ सप्टेंबर. संध्याकाळी ७

पहिला क्लास. आम्ही आठ जण. मालकीणबाई म्हणाल्या की घोट तोंडात घोळवायचा आणि समोरच्या बादलीत थुंकायचा. सगळे थुंकत होते. मला ते अर्धवट वाटलं. घशाखाली गेल्याशिवाय पूर्ण मत कसं देणार? मी पाचही वाईन पूर्ण अभ्यासल्या. दोन पुन्हा तपासल्या. मालकीणबाईंच्या तीन चुका दाखवून दिल्या. त्यांनी माझे आभार मानले आणि बाटली दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.

चालत घरी आलो. कुलपाला किल्ली लागेना. दहा मिनिटं खटपट केली. आतून एका गृहस्थाने दार उघडून सांगितलं की मी एक मजला खाली आहे.

शनिवार, २३ सप्टेंबर

डोकं जड. हवामान.

रविवार, २४ सप्टेंबर. संध्याकाळी ७.३०

ऐतिहासिक दिवस.

चारही प्रदेशांची एकेक बाटली आणली. बाटली दिसली की माणूस लेबल पितो, म्हणून ऑफिसमधून नमुने भरायच्या चार बाटल्या आणल्या होत्या. निर्जंतुक, सीलबंद, त्याहून स्वच्छ भांडं जगात मिळायचं नाही. प्रत्येकीत एकेक वाईन ओतली, खाली चिकटपट्टीवर अक्षर लिहिलं, जागा बदलल्या, झाकणं लावून तास दीड तास ठेवल्या. उरलेली वाईन मूळ बाटल्यांत ओट्यावर ठेवली. मग हिला हाक मारली. आई शेजारी गेली होती, म्हणून मोकळेपणाने बोलता आलं.

पहिली: जळक्या काडीचा वास. दुसरी: जळक्या काडीचा वास. तिसरी: तोच, शिवाय जराशी गढूळ. चौथी: जळकी काडी आणि मागून उकडलेलं अंडं.

हिने पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं आणि सिंककडे धावली. म्हणाली की वाईन खराब आहे. मी हसलो. खराब नाही, यालाच खनिजगुण म्हणतात. जमिनीतला गंधक मुळांतून वर चढतो. चारही प्रदेशांची जमीन ज्वालामुखीची आहे, हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. पुस्तकांत कुठेच नाही! दोनदा खुर्चीवरून उठलो. आनंदाने. नोंदी केल्या, सहा पानं.

त्याच दिवशी, ८.१५

स्वयंपाकघरात गेलो तर ही आणि आई, आई केव्हा आली कोण जाणे, ओट्याजवळ उभ्या राहून मूळ बाटलीतली वाईन स्टीलच्या पेल्यातून पीत होत्या. ड प्रदेशाची. आई म्हणाली, छान आहे की रे ही, तुमची शेती. ही तोंडावर पदर धरून हसत होती.

मी त्यांना दोष देत नाही. वास ओळखायला प्रशिक्षण लागतं.

शुक्रवार, २९ सप्टेंबर

दुसऱ्या क्लासला मालकीणबाईंना ज्वालामुखीचा शोध सांगितला. त्यांनी नदीकाठच्या बाटलीचा वास घेतला, मला दिला. म्हणाल्या की काडीबिडी काही नाही. मी म्हटलं, सवयीने नाक मरतं. त्या म्हणाल्या की उरलेला क्लास मी पाणी पिऊन केला तरी चालेल.

घरी ही विचारत होती, ठरलं का. मी म्हटलं, ठरवण्यासारखंच आता मोठं झालंय, घाई नको. ती म्हणाली, पंधरा दिवस राहिले. मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली की तुला माहीत असेल तर ठीक.

शनिवार, ३० सप्टेंबर. रात्रीच्या जेवणाआधी घाईत

साडूकडे जेवायला चाललो आहोत. ज्वालामुखी आज फुटणार.

रविवार, १ ऑक्टोबर

पूर्ण यश. चाळीस मिनिटं बोललो. लाव्हा, राख, गंधक, मुळांची खोली. साडू खुर्चीत रेलून ऐकत होता. शेवटी त्याने डोळे मिटून घेतले, विचार करत असावा. मेहुणी हिला आत घेऊन गेली आणि दोघी बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

परत येताना बसमध्ये ही खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, कसं झालं. ती म्हणाली की आपल्या सहलीबद्दल मी तिला सोडून सगळ्यांशी बोलतो. मी म्हटलं, असं कसं, तुझ्याशीच तर बोलतोय. ती म्हणाली, हो, आत्ता.

तिला थकवा आलाय. प्रदेश ठरला की खुलेल.

मंगळवार, ३ ऑक्टोबर. दुपारी २

दुर्बीणबाईंना डबा खाताना शोध सांगितला. त्यांनी विचारलं, कुठल्या बाटल्या वापरल्या. मी सांगितलं, कपाटातल्या, खालच्या फळीवरच्या. त्यांच्या हातातला चमचा खाली पडला.

त्या बाटल्यांत तळाशी चिमूटभर पावडर घातलेली असते. नमुन्यातला क्लोरीन मारायला. खालच्या फळीवरच्या बाटल्यांत तर दुप्पट. आंबट वस्तूत ती पडली की गंधकाचा वास सुटतो आणि पाणी गढूळ होतं. हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. मला बावीस वर्षं माहीत आहे. पावडर भरायच्या वहीवर सही माझीच असते.

दुर्बीणबाई हसत हसत खुर्चीवरून घसरल्या. थोड्या वेळाने साहेबांच्या केबिनमधूनही हसण्याचा आवाज आला.

त्याच दिवशी, ५

शांतपणे विचार केला. यातून एवढंच सिद्ध होतं की माझं नाक अचूक आहे. गंधक होता, मी गंधक ओळखला. चूक बाटलीची.

साडूला कळवायची गरज नाही.

बुधवार, ४ ऑक्टोबर

साडूचा फोन. मेहुणीला हिने सांगितलं, हिला मी सांगितलं होतं, कारण जेवताना सहज निघून गेलं. साडूने विचारलं की आमच्याकडच्या नळालाही ज्वालामुखी आहे का. फोन ठेवल्यावर पलीकडून हसण्याचा आवाज बंद व्हायला वेळ लागला.

संकल्प: साडूशी वर्षभर बोलायचं नाही.

शनिवार, ७ ऑक्टोबर

नव्याने सुरुवात. कसोट्या एकेचाळीसवरून त्रेसष्ट केल्या.

ही नवीन सँडल घेऊन आली. घालून घरात चालून दाखवली. निळ्या आहेत. मी विचारलं, उतारावर घसरणार नाहीत ना. ती म्हणाली, छान आहेत असं म्हणायचं असतं. मी म्हटलं, छान आहेतच. तेव्हा तिने काढून खोक्यात ठेवल्या होत्या.

मंगळवार, १० ऑक्टोबर

तक्ता पूर्ण होईना. तापमानाच्या रकान्यात चुकून उताराचे आकडे गेले आहेत. पठार उभ्या कड्यासारखं दिसतंय.

गुरुवार, १२ ऑक्टोबर. संध्याकाळी ६.४५

निर्णय!

त्रेसष्ट कसोट्या, एकतीस पानं. निकाल: ड. नदीकाठ. निःपक्षपाती, निर्विवाद. जेवणाच्या टेबलाशी उभं राहून जाहीर केलं. ही आणि आई टाळ्या वाजवतील असं नाही, पण काहीतरी वाजेल असं वाटलं होतं.

ही म्हणाली की खोली दहा सप्टेंबरलाच घेतली आहे. तेच गेस्ट हाउस. गॅलरीतून फोन करून. बसची दोन तिकिटंही काढली आहेत, सकाळी पावणेआठची. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस. ती म्हणाली की तीन वेळा सांगायला आली होती, तिन्ही वेळा माती चालू होती. आणि म्हणाली की तसंही तू गुंतलेला होतास, मला वाटलं गुंतू दे, जायचं तर आहेच.

म्हणजे मी महिनाभर झिजून जिथे पोचलो तिथे ही पहिल्याच आठवड्यात सहज जाऊन बसली होती. एका परीने माझ्या पद्धतीवर शिक्कामोर्तबच झालं.

मग तिने बॅग काढली. माझा करडा स्वेटर स्वतःच घडी करून ठेवला. गाणं गुणगुणत होती. तिला गाणं येतं हे मी विसरून गेलो होतो. खूप बरं वाटलं. परवा या वेळेला आम्ही तिथे असू.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर. सकाळी १०.२०

फळ्यावर वीकएंड-ड्यूटीची यादी लागली. १४ आणि १५ समोर माझं नाव.

काहीतरी चूक आहे.

१०.४०

चूक नाही. साहेबांनी फॉर्म दाखवला. सही माझीच. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार-रविवार म्हणजे १४-१५, हे कुणीही कॅलेंडर न बघता सांगेल. मी मनात ती तारीख कायम ‘लग्नाचा वाढदिवस’ म्हणून धरली होती. दोन्ही एकच आहेत हे डोक्यात आलंच नाही.

११.१५

दुर्बीणबाई आजपासून रजेवर. फोन केला. त्या गाडीत होत्या, मागे पोरांचा कलकलाट. त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाल्या की आता मागे फिरणं शक्य नाही, आणि म्हणूनच त्यांनी दोनदा विचारलं होतं, नक्की ना. एकदा विचारलं होतं. पण वाद घातला नाही.

१२.००

साहेबांकडे तिसऱ्यांदा गेलो. ते म्हणाले की शहर शनिवारी पाणी पिणं बंद करत नाही. उरलेल्या दोघांपैकी एकाचा पाय प्लास्टरमध्ये, दुसऱ्याला बॅक्टेरियाची चाचणी करायची परवानगी नाही. मी आजारी पडायचा विचार बोलून दाखवला. साहेब म्हणाले की तो विचार न सांगता करायचा असतो.

संध्याकाळी ६.३०

हिला सांगितलं.

दार उघडलं तर ती निळ्या सँडल घालून उभी होती, सवय व्हावी म्हणून. मी बूट न काढताच सांगून टाकलं. रागावेल असं वाटलं होतं. उत्तरंही तयार होती, चार. ती रागावली नाही. पलंगावर बसली आणि विचारलं की सही कधी केलीस. एकवीस सप्टेंबर. कशासाठी केलीस. क्लाससाठी. कसला क्लास. आपल्या सहलीचा.

ती म्हणाली, मी फक्त चहा मागितला होता रे.

चारपैकी एकही उत्तर लागू पडेना. ती रडली नाही, तेही बरं नव्हतं. बॅगेतून माझा स्वेटर काढला आणि कपाटात ठेवला, नीट, बाहीवर हात फिरवून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे वाक्य खोडणार नाही.

मी म्हटलं, पुढच्या महिन्यात जाऊ, तेव्हा मळे कसे असतात ते बघून ठेवतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ‘बघून ठेवतो’ परत घेतलं.

७.१०

आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली की एक तिकीट वाया कशाला घालवायचं, तिची बॅग दहा मिनिटांत भरून होईल. ही म्हणाली, आई, तिथे सगळीकडे वाईन असते. आई म्हणाली, मग काय मी तिथे ताक प्यायला येतेय.

दोघी हसल्या. आई म्हणाली की शेतीविषयक सहल हे शब्द मी पहिल्यांदा काढले तेव्हाच तिला संशय आला होता आणि पुढच्याच आठवड्यात तिने मेहुणीला फोन करून सगळं विचारून घेतलं होतं. मी म्हटलं, आई, तुझे गुडघे. आई म्हणाली, गुडघे घेऊनच जाणार आहे.

बॅग सात मिनिटांत भरली.

शनिवार, १४ ऑक्टोबर. सकाळी ८

बस गेली. एकतीस पानांची फाइल हिच्या हातात दिली होती, वाटेत वाचायला. बस सुटल्यावर पाहिलं तर स्टॉपच्या बाकावर होती. घाईत राहिली असणार. नीट उभी करून ठेवलेली होती.

जाताना हिने माझी कॉलर सारखी केली. वीस वर्षं झाली हो आज, असं मी म्हणालो. ती म्हणाली, हो, आणि फ्रिजमध्ये भाजी आहे.

दुपारी १

नमुने बारा. सगळे ठीक. हिला फोन केला. बंद.

३.३०

बंद.

५.००

बंद. आईचा लावला. आईचा फोन घरातच वाजला असणार, कारण सकाळी घरी राहिलेल्या विणकामाच्या पिशवीत पाहिला होता.

आता आठवलं, फोन नको हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याचा रकाना करायचा राहिला. त्रेसष्ट रकाने केले, त्यात तो नव्हता. मी बाहेर जाऊन पायरीवर जरा बसलो. मला तिथे असायचं होतं. प्रदेश कुठलाही चालला असता.

रविवार, १५ ऑक्टोबर. सकाळी ९

स्वतःचा चहा स्वतः केला. पत्ती जास्त पडली.

दुपारी २

नमुने अकरा. ठीक. संध्याकाळी त्या येतील तेव्हा गरम जेवण तयार हवं, असा संकल्प. बटाटे, अंडी, पाव. अवघड काही नाही. एक कागद घेऊन कामांचा क्रम लिहायला बसलो होतो, मग कागद फाडला आणि बटाटे सोलायला घेतले.

संध्याकाळी ८

आल्या. जिना चढतानाच आवाज येत होता. आईचं नाक उन्हाने लाल झालं आहे. हिच्या केसांत एक वाळकं पान अडकलं होतं, ते मी काढणार तेवढ्यात आईने काढलं. ही म्हणाली की आज सकाळी दहापर्यंत झोपली होती. दहापर्यंत! चेहरा असा दिसत होता की मी दोनदा बघितला.

मातीबद्दल विचारणार नव्हतो, पण विचारलं. आई म्हणाली, माती मातीसारखी होती, बुटाला चिकटत होती.

जेवताना बटाटे कच्चे होते, तरी दोघींनी संपवले. मध्येच आई एकदम म्हणाली, आणि तो टोपीवाला. झालं. ही हसत सुटली. आईने डोळ्यांतून पाणी काढलं. जरा थांबल्या, एकमेकींकडे पाहिलं, पुन्हा सुरू. मीही हसलो. मग विचारलं, काय केलं टोपीवाल्याने.

हिने सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं सांगितली, तिसऱ्याला अडखळली, आईकडे पाहिलं. आई म्हणाली, जाऊ दे गं, सांगून नाही कळायचं त्याला. ही माझ्याकडे वळली, हसू अजून ओठांवर होतं, आणि अगदी मायेने म्हणाली की तू तिथे असायला हवा होतास.

मी म्हटलं, हो. आणि ताटं उचलली.